शंभर झाले की पुन्हा एक

रात्रपाळीच्या नोंदीत मोजून तीन ओळी होत्या. ‘रुग्ण रात्रभर जागी. असंबद्ध बडबड, आकडे म्हणते. सलाईन दोनदा उपसली, ब्रदरच्या मनगटाला चावली, हात बांधून ठेवले आहेत.’ त्याखाली हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनची ऑर्डर. आणि कोपऱ्यात लाल पेनाने ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, खाली दोन रेघा मारून.

मी वृद्धोपचार विभागात सिस्टर आहे. इतर वॉर्डांतून मला जे निरोप येतात ते बहुतेक एकाच साच्याचे असतात: डिमेन्शियाची पेशंट आहे, आवरत नाही, जरा बघून जा. त्या दिवशी बोलावणं ऑर्थोतून होतं. वय ८१, वजन ४४ किलो, घरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. अल्झायमर्सचं निदान जुनं.

पलंगाजवळ जायच्या आधी मी दारात थांबून थोडा वेळ नुसती बघत राहते. या सवयीवर ऑर्थोच्या सिस्टर चिडतात, त्यांना वाटतं मी त्यांच्या कामावर नजर ठेवतेय. मी पेशंटच बघत असते, पण पेशंट बघताना तिच्याभोवतीची माणसं दिसायची राहत नाहीत. एकीने येऊन तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, एक शब्दही न बोलता. दोघींनी चादर बदलली आणि बदलताना पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या कशा लागल्यात यावर बोलत होत्या. फिजिओथेरपिस्ट आला. ‘आजी, उठा, डोळे उघडा, पाय हलवा, धरा इथे,’ एका श्वासात चार हुकूम. पहिला तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत चौथा संपला होता. त्याने लिहिलं, ‘सहकार्य करत नाही’ आणि पुढच्या पलंगाकडे वळला.

यातलं कुणी दुष्ट नव्हतं. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ब्रॅडफर्डमधल्या आपल्या सहकाऱ्यांसह हेच काम पद्धतशीर केलं होतं. डिमेन्शिया असलेली माणसं जिथे राहतात तिथे तासन्‌तास बसायचं आणि दर पाच मिनिटांनी काय घडतंय ते टिपायचं. माणसाला माणूसपणातून खाली उतरवणाऱ्या वागण्याचे १७ प्रकार त्याने १९९७ साली नोंदवले. समोरच्याच्या गतीपुढे धावणं, त्याच्यादेखत त्याला वगळून बोलणं, शिक्का मारणं, लहान मूल समजणं, त्याच्यावर काहीतरी लादणं. या सगळ्याला त्याने घातक म्हटलं, पण करणारे बहुधा सुस्वभावीच असतात हेही बजावलं. व्यक्तिकेंद्री देखभालीच्या चर्चेत हा दुसरा भाग नेहमी गाळला जातो. मग भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचं पोस्टर लागतं, ‘प्रेमाने वागा’ असं प्रशिक्षण होतं आणि आधीच प्रेमाने वागणाऱ्या सिस्टरना कळत नाही की आपण नक्की बदलायचं काय.

ती मोजत होती. दात आवळून, भरभर. मध्ये अडखळत होती, त्रेसष्टवरून थेट एकोणसत्तरवर जात होती. पण शंभर आला की थांबायची, एक श्वास घ्यायची आणि पुन्हा एकपासून सुरू. मी तीन फेऱ्या ऐकल्या. एकदाही एकशे एक म्हणाली नाही. बांधलेल्या हाताची बोटं पलंगाच्या कठड्यावर दाबल्यासारखी हलत होती. जास्त करून तर्जनी, मध्येच मधलं बोट, क्वचित अनामिका.

सगळ्यात आधी गाठी सोडल्या. मग ड्रॉवरमध्ये कवळीच्या डबीत पडलेलं श्रवणयंत्र काढून तिच्या कानात बसवलं, चष्मा पुसून लावला. दोन रात्री ती जवळजवळ बहिरी आणि अर्धी आंधळी होती, आणि त्या अवस्थेत अनोळखी माणसं अंधारातून येऊन तिच्या अंगाला हात लावत होती. चावणं मला तेवढं विचित्र वाटलं नाही.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. भेटीच्या वेळेशिवाय आत सोडत नाहीत म्हणून दोन्ही रात्री ती तिथेच होती. ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘जॉन्स कॅम्पेन’ नावाची चळवळ उभी राहिली. तिची मागणी एवढीच होती की डिमेन्शिया असलेल्या माणसाबरोबर त्याच्या जवळच्याला हवा तेवढा वेळ राहू द्या. लहान मुलाजवळ आईने थांबावं की नाही हा प्रश्न आपल्याला पडत नाही, इथे मात्र नियमपुस्तक निघतं. मी इनचार्ज सिस्टरशी बोलले. त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच तो नियम नको होता.

“ताई, घरी आई असंच करतात का?” मी विचारलं.

“नाही हो सिस्टर. विसरते सगळं, मला कधी कधी तिची बहीण समजते. पण रात्री झोपते, स्वतःच्या हाताने जेवते. पडायच्या आदल्या दिवशी माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालत होती. हे जे आहे ना, ही माझी आई नाहीये.”

आम्ही डेलिरियमसाठी, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या मानसिक गोंधळासाठी, जी ४एटी चाचणी वापरतो तिच्यात चार भाग आहेत: जागरूकता, चार छोटे प्रश्न, महिने उलटे म्हणणं आणि अवस्थेत अचानक झालेला बदल. डिमेन्शियाच्या पेशंटला मधल्या दोन भागांत गुण लागणारच, ते फारसं काही सांगत नाहीत. पण शेवटच्या भागाला एकदम ४ गुण आहेत, आणि ४ किंवा त्याहून जास्त म्हणजे डेलिरियमची शक्यता. म्हणजे मुलीच्या त्या एका उत्तरावरच चाचणी पूर्ण होत होती, आणि उत्तर देणारी दोन दिवस दाराबाहेर होती. डिमेन्शिया वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. डेलिरियम तासा-दिवसांत उसळतो आणि त्याला बहुधा कारण असतं, किंवा एकात एक गुंतलेली चार कारणं. फाइलवरच्या लाल शिक्क्याने नेमकं ते शोधायचंच थांबवलं होतं.

“आणि हे मोजणं?”

मुलगी क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली, मला माहीत नाही याचं तिला नवल वाटलं असावं. “तिला दुखतंय,” ती म्हणाली. “दुखायला लागलं की आई मोजते. दाढ काढली तेव्हा मोजत होती, माझ्या जन्माच्या वेळीही मोजत होती म्हणे. ती पॅथॉलॉजीत टेक्निशियन होती, उभा जन्म रक्ताच्या काचा बघण्यात गेला. शंभर पेशी होईपर्यंत भिंगावरून डोळा काढायचा नाही, डोकं ठणकत असलं तरी. तीच सवय.”

ज्यांनी ते काम बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली १०० पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यातल्या न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती, बाकीच्या किती हे टक्क्यांत लिहायचं. आता यंत्रं करतात. पूर्वी टेबलावर खटक्यांचा काउंटर असे, प्रत्येक प्रकाराला एक खटका. शंभर झाले की घंटी वाजायची. निरोगी रक्तात न्यूट्रोफिल सर्वाधिक, त्यामुळे एक बोट सारखं चालतं, दुसरं त्याहून कमी, बाकीची अधूनमधून. कठड्यावरची तिची तर्जनी मला एकदम समजली. नोंदीत तिच्याबद्दल लिहिलं होतं, ‘पांघरुणाशी चाळा करते.’

इथे थोडं सावध राहायला हवं. अंथरुणाशी चाळा हे डेलिरियमचं जुनं, खरं लक्षण आहे आणि तिला डेलिरियम होताच. प्रत्येक हालचालीत हरवलेला भूतकाळ शोधत बसणं हाही एक नाद असतो, त्यातून सुरेख गोष्टी तयार होतात आणि जंतुसंसर्ग नजरेतून सुटतो. मला गोष्टीत रस नव्हता. मला हवी होती ती माहिती मिळाली होती: मोजणं म्हणजे वेदना. गेले दोन दिवस ती शंभर-शंभरच्या फेऱ्यांत ओरडून सांगत होती आणि आम्ही ते बडबड म्हणून उतरवून घेत होतो.

मी वेदनेची पेनॅड मोजपट्टी काढली. बोलून सांगू न शकणाऱ्यांसाठी ती आहे: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. पडून असताना ३ आले. कुशीवर वळवताना ८. पेनॅड नेहमी हालचालीच्या वेळीही करावी. निपचित पडलेल्या माणसाच्या नोंदीवरून खुबा कळत नाही.

मग औषधांचा चार्ट. पॅरासिटामॉलपुढे छापील अक्षरांत ‘एसओएस’, म्हणजे लागेल तेव्हा, मागितली तर. दोन दिवसांत किती गोळ्या गेल्या? एकही नाही. तिने मागितलीच नव्हती. शेजारच्या पलंगावर तेच ऑपरेशन झालेल्या बाई दर सहा तासांनी घंटा वाजवून गोळी मागवत होत्या आणि त्यांना ती मिळत होती, दोघींच्या ऑर्डर शीट अक्षरशः सारख्या असूनही. ‘एसओएस’ हे तीन अक्षरांचं गृहीतक आहे: पेशंटला दुखणं ओळखता येईल, ते दुखणं आहे हे लक्षात राहील, त्यावर औषध असतं हे आठवेल, ते कोणाकडे मागायचं हे कळेल आणि ते शब्दांत मांडता येईल. या पाच पायऱ्यांपैकी तिला पहिलीच कशीबशी जमत होती.

चार्टवर आणखीही होतं. पहिल्या रात्री झोपेसाठी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. त्या जुन्या औषधांचा परिणाम मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीन या स्मरणाला लागणाऱ्या रसायनाच्या विरोधात जातो. ती घरी घेत असलेली डोनेपेझिलची गोळी नेमकी तेच रसायन टिकवण्यासाठी असते. ती गोळी मात्र भरती होताना लिहून घ्यायचीच राहून गेली होती. पोट चार दिवसांत साफ नव्हतं. आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आदल्या संध्याकाळी काढलेला होता.

“लघवी होतेय का?”

“हो, डायपर ओलाय ना,” मावशी म्हणाल्या.

मी ओटीपोटावर हात ठेवला. घट्ट, ताणलेलं, आणि हात ठेवताच मोजणीचा वेग वाढला. स्कॅनरने मूत्राशयात ७८० मिलीलीटर लघवी दाखवली. मूत्राशय तुडुंब भरलं की थोडी थोडी लघवी आपोआप गळत राहते. डायपर ओला दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. खुब्याचं ऑपरेशन, बद्धकोष्ठ आणि ते अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, तिघांनी मिळून हे केलं होतं. कोणाचंही मूत्राशय इतकं भरलेलं असताना हात बांधले तर तो चावेल.

कॅथेटर घालताना मुलगी उशाशी, तिचा चेहरा आईच्या चेहऱ्याच्या पातळीवर. बोलायचं फक्त तिने, आम्ही कुणीच नाही. डेलिरियममध्ये तीन दिशांनी तीन आवाज आले की माणूस घाबरतो. ८०० मिलीलीटर निघाले. बेचाळीसवर आकडे थांबले आणि ती मुलीला म्हणाली, “दिवा लाव.” खिडकीचा पडदा सरकवला. तेवढंच हवं होतं तिला.

हॅलोपेरिडॉलची ऑर्डर लिहिणारा रेसिडेंट डॉक्टर तरुण होता. रात्री दोन वॉर्ड त्याच्या एकट्याच्या अंगावर होते. मी चार्ट पुढे ठेवला. त्याने निमूटपणे वाचला आणि विचारलं, “सिस्टर, रात्री परत चावली तर?” प्रश्न रास्त होता. ब्रदरच्या मनगटावर दातांचे वळ खरे होते. मी हॅलोपेरिडॉलच्या सरसकट विरोधात नाही. पेशंट भीतीने थरकापत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल, तर अगदी थोड्या मात्रेत, थोडे दिवस ते द्यावं लागतं. पण बाकी सगळं करून झालेलं असावं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये नव्या अँटिसायकोटिक (हॅलोपेरिडॉलच्याच जातीच्या) औषधांच्या गटात सुमारे १० आठवड्यांत ४.५ टक्के मृत्यू होते, औषध नसलेल्या गटात २.६ टक्के. २००८ मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. डिमेन्शिया लेवी बॉडी या प्रकारचा असेल तर एखादा डोसही माणसाला ताठर करून टाकू शकतो. दुसऱ्या बाजूला, नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या ३५२ जणांवर २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. मध्यम ते तीव्र डिमेन्शिया, वागणं अस्वस्थ, आक्रमक. एका गटाला टप्प्याटप्प्याने वेदनाशामकं दिली, बहुतेकांना नुसतं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी कमी.

त्याने पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी असं लिहिलं, वजन बघून. डोनेपेझिल सुरू केली, पोट साफ होण्याचं औषध दिलं. हॅलोपेरिडॉलवर काट मारली नाही. पुढे लिहिलं, ‘देण्याआधी मला फोन करा.’ मला ते पटलं.

चादर बदलणाऱ्या दोघींपैकी एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “हात बांधले ते वाईट वाटतंच सिस्टर, पण थोड्या वेळात विसरतात ना त्या.” घटना विसरतात. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमर्सच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफितींचे तुकडे दाखवले. काय पाहिलं ते त्यांना जवळजवळ आठवेना, पण त्यातून आलेली भावना मागे रेंगाळत राहिली. रात्री बांधलेले हात सकाळी आठवत नसतील, पण सकाळी पांढऱ्या कपड्यातलं कुणी जवळ आलं की अंग आक्रसतं ते त्यातूनच. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली आणि नंतर बीपी घ्यायला गेली ती आधी पेशंटच्या समोर उभी राहून, पट्टा दाखवून.

दुपारी रक्त घ्यायला लॅबचा मुलगा आला. आदल्या दिवशीची नोंद होती, ‘रक्त घेऊ देत नाही.’ मी त्याला ती कोण आहे ते सांगितलं. पुढचं सगळं त्याला आपण होऊन सुचलं, मला श्रेय नाही. त्याने जांभळ्या टोपणाची रिकामी नळी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “मॅडम, सीबीसी आहे. लेबल एकदा बघता का?” तिने नळी डोळ्यांजवळ नेली. नाव वाचता आलं की नाही कोण जाणे, पण मान डोलावली आणि दंड पुढे केला. रक्त भरल्यावर तो घाईत नळी हलवू लागला, तशी ती चांगलीच खेकसली, “घुसळू नकोस. उलटी कर. सावकाश.”

बरोबर होतं तिचं. नळीतलं रक्त गोठू न देणारं द्रव्य मिसळायला ती आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची असते, जोरात हलवली की पेशी फुटतात. त्याने कान पकडले आणि नळी हळू उलटी करू लागला. ती त्याच्याबरोबर मोजत होती.

म्हणजे माझं सूत्र तिनेच मोडलं. मोजणं म्हणजे नेहमी वेदना नव्हे. म्हणून पलंगाच्या पायथ्याशी लावायच्या कागदावर मी दोन्ही लिहिलं: ‘दात आवळून, भरभर मोजत असतील तर दुखतंय; पेनॅड करा, लघवी बघा. सावकाश मोजत असतील तर बऱ्या आहेत. उजव्या कानात यंत्र. मॅडम म्हटलेलं आवडतं. एका वेळी एकच सूचना, मग दहापर्यंत मनात मोजून वाट बघा.’ शेवटची ओळ फिजिओथेरपिस्टसाठी होती. ती त्याने वाचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून पलंगाशेजारी उभी राहिली.

केसपेपरवर मात्र मी पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहिते, हे मी अलॉइस अल्झायमरकडून घेतलंय, ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या डॉक्टरकडून. त्याने २६ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टं डेटर या ५१ वर्षांच्या बाईशी झालेलं बोलणं प्रश्नोत्तराच्या रूपात उतरवलं. नाव काय? ऑगस्टं. आडनाव? ऑगस्टं. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टं. ‘असंबद्ध बोलते’ एवढं लिहून तो मोकळा झाला असता तर शतकभराने सापडलेल्या त्या फाइलला काही अर्थ उरला नसता. त्याच्याजवळ तपासणीची यंत्रं फारशी नव्हती, कान होते.

हॅलोपेरिडॉल लागलं नाही. पण हे ऐकून कुणी चमत्कार समजू नये. डेलिरियम पूर्ण ओसरायला आठवड्याहून जास्त लागला, मधल्या एका रात्री तिने पुन्हा सलाईन काढली. घरी गेल्यावर मुलीचा फोन आला तेव्हा घड्या घालणं बंद झालेलं होतं. डेलिरियमनंतर डिमेन्शियाची घसरण वेगाने होते हे पुस्तकात वाचलेलं असतं. तिच्या तोंडून ऐकणं वेगळं.

मुलगी रात्री आत थांबू शकते हे त्या वॉर्डात आता चालतं, लेखी नियम न बदलताच. ऑर्थोच्या छापील ऑर्डर शीटवर पॅरासिटामॉलपुढे मात्र अजून ‘एसओएस’च आहे. बदलाचा अर्ज समितीकडे गेलाय. औषधशास्त्रवाल्यांची हरकत अशी की यकृताचा आजार असलेल्यांना गोळी आपोआप जाईल, आणि ती चुकीची नाही. म्हणून आम्ही नवा मसुदा दिलाय: शीटवर ‘पेशंट स्वतः मागू शकतो का?’ असा एक चौकोन, ‘नाही’वर खूण असेल तर वजन आणि यकृत बघून नियमित डोस. तोवर इनचार्ज सिस्टर रोज सकाळी चार्ट चाळतात आणि जिथे ते लागू आहे तिथे डॉक्टरांकडून पेनाने खोडून, सही घेऊन आणतात.